चार बोटं रिकामी

नळीच्या टोकाशी डिझेलचा एक थेंब लोंबत होता — फुगलेला, पडू की नको करणारा — आणि नळी टाकीत तशीच धरून भीमराज त्याच्या पडण्याची वाट पाहत होता. पडला, तोही टाकीतच. मग फडकं लावून त्याने नळी बाहेर काढली, वाकून खालचा पत्र्याचा ट्रे पाहिला. कोरडा. त्याला उगाचच बरं वाटलं. चाकणच्या या माळावर पोकलेनमध्ये डिझेल भरणाऱ्या माणसाला आणखी काय हवं असतं.

“काका, काठोकाठ भरा की,” पोकलेन चालवणारा सुजित वरून म्हणाला.

“चार बोटं रिकामी राहू दे. ऊन तापलं की डिझेल फुगतंय, अन् तू मशीन घालणार उतारावर.”

“बाळाला दूध पाजल्यासारखं भरता राव तुम्ही.”

भीमराज हसला. आता पाजतो... पण मागल्या वर्षी? मागल्या वर्षी मी नळीचा खटका दाबलेलाच राहावा म्हणून त्यात टाकीचं झाकण अडकवून मोकळा झालो होतो, सगळेच अडकवतात तसं, कारण रुपालीचा फोन आला होता — पप्पा, नर्सिंगला नंबर लागला — आणि लेकीचा आवाज ऐकत ऐकत मी पार बाभळीपर्यंत चालत गेलो, हसत होतो, डोळे भरून आले होते, आणि मागे टाकी भरून वाहत होती, ओघळ उतारावरून निघाला होता, खाली चिमाबाईंच्या विहिरीकडे... आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा फोन आणि ती चूक एकमेकांना चिकटूनच बसली; एक आठवलं की दुसरं येतंच.

माती खरवडली, विहीर तीनदा उपसली. तरी म्हातारी वर्षभर जारचं पाणी प्यायली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बोलेनाशा झाल्या, आणि भीमराजला त्यांची भीतीच वाटू लागली. तेव्हापासून नळी हातात असताना त्याने कुणाचाच फोन घेतला नव्हता, रुपालीचाही.

ट्रे उचलताना त्याला चिमाबाई विहिरीवर दिसल्या. त्यांनी पोहरा वर ओढला, नाकाशी नेला, थांबल्या — भीमराजही थांबला — आणि तांब्या भरून सावकाश प्यायल्या. मग वर पाहिलं.

“ये की रं खाली. पाणी पी. आता वास न्हाई त्याला.”

तो उतरला. मातीने हात घासले, ओंजळ धरली. पाणी पडलं तसा डिझेलचा वास आला — हाताचा, की पाण्याचा? तो प्यायला. पाणी गार होतं.

“न्हाई ना येत?”

“मला नाही सांगता यायचं, मावशी. माझ्या हातालाच वास आहे.”

“मला कळतंय की,” म्हणून त्यांनी कळशी भरली आणि घरी न्यायला कडेवर घेतली.

चढ चढताना त्याला हलकं वाटत होतं, सुखच म्हणायचं ते, वर्षभरानंतरचं. पण उद्या, परवा, रोज त्या हे पाणी पिणार होत्या... आणि भीमराजला चिमाबाईंची वाटायची ती भीती आता वाटेना. चिमाबाईंसाठी वाटू लागली.