खळ लावलेली जाळी

मित्रांनो, मी एक जुनी सुती जाळी आहे, व्हॉलीबॉलची. सोलापूरच्या भवानी पेठेत, त्र्याहत्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यात माझा जन्म झाला. तेव्हापासून भीती माझ्या सोबतच आहे.

कापडाच्या मागावर काम करणाऱ्या तरुणांनी पेठेत क्रीडा मंडळ काढले होते. मैदान मात्र नव्हते. पेठेतल्याच चन्नवीरअण्णांची मोकळी जागा होती. ते म्हणाले, "रविवारी सामना भरवून दाखवा, जागा तुमची. नाहीतर सोमवारपासून लाकडाची वखार."

मंडळाचा म्होरक्या ईरप्पा. त्याने आणि त्याची आई नागम्मा हिने मागावरच्या उरल्यासुरल्या सुतातून मला विणले. पण मी फार लोंबत होते. म्हणून ताठ राहावी यासाठी ईरप्पाने, मागावरच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना लावतात तशी, मला गव्हाच्या पिठाची खळ लावली. रविवारी सकाळी मला मैदानात वाळत घालून सगळे रेघांसाठी चुना आणायला गेले.

मी एकटीच. तेवढ्यात घंटांचा आवाज आला. मंगळवेढ्याकडचा बिरदेव धनगर चाऱ्याच्या शोधात शेळ्या घेऊन शहरात आला होता. शेळ्यांच्या नुसत्या बरगड्या उरल्या होत्या. पिठाचा वास लागताच त्या माझ्यावर तुटून पडल्या. त्यांचे गरम श्वास अंगावर येत होते, माझ्या गाठी तटातट तुटत होत्या आणि मला ओरडता येत नव्हते.

लोक धावत आले, तोवर मधोमध भगदाड पडले होते.

"शेळ्या हायत का कैदाशिणी?" ईरप्पाने काठी उचलली.

"जाळीला पीठ कोण लावतंय, लेका? हितं आमाला भाकरीला न्हाय!" बिरदेव म्हणाला.

"काठी ठेव," नागम्मा म्हणाली. "उपाशी जित्राब हाय ते. खळ लावणारा शाणा कोण? बस, सांध."

"अव्वा, अण्णा येत्यात की आता!" ईरप्पा आईला म्हणाला.

"मग तोंड मिट, हात चालव."

सारी गल्ली सांधायला बसली. सूत संपले, तेव्हा बिरदेवने कमरेची काळ्या लोकरीची दोरी सोडून दिली.

अण्णा आले. पहिलाच चेंडू त्या काळ्या ठिगळावर आदळला. मी जीव मुठीत धरला. ठिगळ टिकले. ठिगळ ओढून पाहत अण्णा म्हणाले, "खेळा."

पुढे मंडळ वाढले. मागावरची पाळी सुटली की संध्याकाळी मैदान भरू लागले. बिरदेवही सभासद झाला. मग नायलॉनची जाळी आली आणि मी पेटीत गेले. आता अंधारात काही खुडबुडले की माझे अंग आक्रसते.

मित्रांनो, एखाद्या संध्याकाळी मला बाहेर काढा. बांधा, खेळा. खेळताना मी फाटेन, पण त्या फाटण्याची मला भीती नाही. भीती एकच आहे. फाटल्यावर मला सांधायला चौघे एकत्र बसाल ना?