रेनिअर, माझी सवत

मित्रांनो, मी हाताने चालवायचं एक जुनं शिवणाचं मशीन आहे. वय विचारू नका. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी बरीचशी पुसली गेली आहे, त्यावरून काय ते समजा. सुहासिनीबाईंनी माझ्या रंगावरून माझं नाव ‘काळी’ ठेवलं आणि तेव्हापासून मी स्वतःला बाईच समजत आले आहे.

सुहासिनीबाई साताऱ्याच्या शाळेत शिकवत असताना त्यांनी मला विकत घेतलं. लग्नानंतर त्या जगन्नाथरावांबरोबर अमेरिकेला निघाल्या, तेव्हा विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं. त्यांनी दोन पैठण्या काढून आईच्या हातात दिल्या, पण मला काढलं नाही. अशी माझी किंमत होती.

सिअ‍ॅटलजवळ बॉथेल नावाच्या गावी आमचं घर होतं. मी खिडकीशी बसायची. घराचे पडदे मी शिवले, बाईंच्या लेकीचे, नीलाचे फ्रॉक मी शिवले, महाराष्ट्र मंडळाच्या नाटकातल्या मावळ्यांचे अंगरखेही मीच शिवले. दोन घरं सोडून राहणारी शोभा म्हणायची, “काकू, तुमच्या काळीसारखं फिटिंग इथल्या कुठल्याच दुकानात मिळत नाही हं!” मी मनातल्या मनात फुगायची.

माझ्या खिडकीतून एक डोंगर दिसायचा. त्याचं नाव रेनिअर. आकाश मोकळं असलं की तो दूरवर पांढराशुभ्र उभा राही आणि लोक एकमेकांना म्हणत, “आज डोंगर बाहेर आलाय!” ऐंशी साली त्याच्या शेजारचा सेंट हेलेन्स फुटला. तेव्हा जगन्नाथराव म्हणाले, “आपला रेनिअरही ज्वालामुखीच आहे. वरून बर्फ दिसतो, पण पोटात आग आहे.” मला तेव्हा त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

मग नीला कॉलेजसाठी कॅलिफोर्नियाला गेली. घर सुनं झालं. बाई माझ्यापुढे येऊन बसत, कापड ठेवत आणि हँडल न फिरवताच उठून जात. शेजारच्या डोरिसने ते ओळखलं. डोरिस शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, दणदणीत आवाजाची बाई. एका शुक्रवारी दारातूनच म्हणाली, “उद्या माझ्याबरोबर डोंगरावर चल. फावडं धरता येतं ना?”

बाई गेल्या. संध्याकाळी परत आल्या त्या चिखलाने भरलेले बूट घेऊन. चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि तोंड थांबत नव्हतं.

“अहो, लोक फोटो काढायला पायवाट सोडून सरळ फुलांत घुसतात. तुडवलेल्या जागी माती उघडी पडते. मग बर्फ वितळलं की पाणी तिथूनच धावतं आणि ओघळ पडतात. तिथे एक रोप वाढायला कित्येक वर्षं लागतात! आम्ही आज नवी रोपं लावली.”

त्या ‘आम्ही’मध्ये मी नव्हते. मला ते लागलं.

त्यानंतर दर शनिवारी त्या नॅशनल पार्कच्या स्वयंसेवकांबरोबर जाऊ लागल्या. माझ्यावर लाकडी झाकण बसलं. शोभा विचारायला आली, “काकू, माझं ब्लाऊज झालं का?”

“अगं, शनिवारी मी डोंगरावर असते ना. बघू पुढच्या महिन्यात.”

मित्रांनो, मत्सर कसा असतो ते मला विचारा. झाकणाच्या फटीतून मला खिडकीचा तुकडा दिसे आणि त्या तुकड्यात नेमका तोच! त्याला ना हँडल, ना सुई. नुसतं उभं राहायचं आणि आमच्या बाईंनी त्याच्यासाठी गुडघे मोडून घ्यायचे! ढग आले की मला बरं वाटे. एकदा तर मला वाटलं, याचंही डोकं उडालं तर? आणि लगेच आठवलं की त्या दिवशी शनिवार होता, बाई तिथेच होत्या.

शरद ऋतूत मोठा पाऊस झाला. बाई डोंगरावरून परतल्या आणि कोट न काढताच खुर्चीत बसल्या.

“सगळं वाहून गेलं. उन्हाळाभर लावलेली रोपं मुळासकट गेली, अहो.”

आता या माझ्याकडे परत येतील, असं मला वाटलं. खरंच त्यांनी झाकण काढलं. पण माझ्यापुढे ठेवलं काय, तर गोणपाट! ओघळांत मातीने भरलेल्या पिशव्या पायऱ्यांसारख्या रचायच्या, म्हणजे पाण्याचा जोर मोडतो, असं ठरलं होतं. प्लास्टिक डोंगरावर नको होतं, म्हणून पिशव्या गोणपाटाच्या. त्या शिवायच्या कोणी? मी! सवतीसाठी राबायला मला बसवलं होतं.

पहिल्याच पिशवीला माझी सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

“काळे, असं करू नकोस गं. नीला गेल्यापासून घरात जीव गुदमरतो माझा. तिथे मातीत हात घातला की जरा श्वास येतो.”

माझ्यापाशी तो श्वास येत नव्हता, हे ऐकून फार वाईट वाटलं. पण हात त्यांनी माझ्याच पाठीवर ठेवला होता. त्यांनी सगळ्यात जाड सुई लावली आणि मी चालू लागले. मत्सर तसाच होता. टीप मात्र सरळ मारली.

हिवाळाभर आमच्या घरी माणसं जमू लागली. शोभा गोणपाट कापायची, डोरिस पिशव्या उलटवायची, जगन्नाथराव चष्मा लावून दोरे तोडायचे. नाताळात नीला आली. “आई, धिस इज क्रेझी!” म्हणाली आणि मग संध्याकाळभर तिनेच माझं हँडल फिरवलं.

उन्हाळ्यात सगळ्या पिशव्या डोरिसच्या ट्रकमधून गेल्या. मी शिवलेल्या पिशव्या डोंगर बघायला निघाल्या आणि मी खिडकीशीच राहिले! त्यांचाही मला हेवा वाटला.

पुन्हा पाऊस आला. एके सकाळी फोन वाजला. बाई ओरडल्या, “पिशव्या टिकल्या? सगळ्या टिकल्या?” त्यांनी जगन्नाथरावांना हाक मारली, नीलाला फोन केला, शोभाला फोन केला. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.

काही वर्षांनी जगन्नाथरावांना अ‍ॅरिझोनात, चँडलरला नोकरी लागली. खोकी भरली गेली. मी माझ्या खोक्याची वाट पाहत होते. पण बाईंनी मला गाडीत मांडीवर घेतलं आणि डोंगराच्या पायथ्याशी, स्वयंसेवकांच्या लाकडी खोलीत आणून ठेवलं. तिथे वीज नव्हती आणि पिशव्या दरवर्षी लागणार होत्या.

“हिला वेळच्या वेळी तेल घाल,” त्या डोरिसला म्हणाल्या आणि वळून न पाहता निघून गेल्या.

“सुहासिनीने वळून पाहिलं असतं, तर तुला पुन्हा उचलून नेलं असतं,” डोरिस मला म्हणाली. तिला शिवता येत नाही. तिच्या हाताने टिपा वाकड्या पडतात, पण तेल घालायला ती विसरत नाही.

एकोणनव्वदच्या ऑगस्टमध्ये सुहासिनीबाई नीलाला घेऊन आल्या. खोलीच्या दारावरून पुढे गेल्या, सरळ वर. आधी त्याच्याकडे! मी चडफडत बसले. दुपारी त्या आत आल्या, तेव्हा बुटांना माती होती आणि डोळे भरले होते.

“काळे, तिथे तुझी एकही टीप उरली नाही बघ. गोणपाट कुजून माती झालं. त्यात मुळं उतरलीत आणि वर निळी फुलंच फुलं!”

मग त्या स्टुलावर बसल्या, गोणपाट ओढलं आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघींनी शिवलं.

मित्रांनो, कधी रेनिअरवर आलात तर पायवाट सोडू नका. फोटो लांबूनही चांगला येतो. ती फुलं माझ्या सवतीची लेकरं आहेत खरी, पण त्यांची अंगडी मी शिवली आहेत.