एक वाजेपर्यंतचं मौन

‘कडेला धरा, वहिनी, मधे बोट लावू नका, डाग पडला तर घेत नाहीत ते’ – ताजबीचं हे कालचं सांगणं, आणि आज सकाळीही मनोरमा तो पासपोर्ट फोटो कडेलाच धरून बसली होती. जास्तीची प्रत, टेबलावर विसरलेली. कान दिसावेत म्हणून ओढणी मागे सारलेली. उजव्या भुवईत एक जुना व्रण… तीन वर्षं हा चेहरा रोज समोर भाकऱ्या थापत होता आणि व्रण आज दिसतोय.

फोन साडेदहाला वाजून गेला होता. लँडलाइनचा नंबर – पार्कमागच्या लॉन्ड्रीचा मॅनेजर. पण आज गुरुवार. गुरुवारी एक वाजेपर्यंत मौन, अकरा वर्षांत एकदाही न मोडलेलं. फोन वाजत राहिला, तिने देवाकडे पाहिलं, फोन थांबला. लँडलाइनला मेसेजही जात नाही, हे मनाला किती चटकन सुचलं! आणि बरं वाटलं. ते बरं वाटणंच आता टोचत होतं.

ताजबी दापोलीकडची. जिच्या घरच्या व्हिसावर इथे आखातात आली, ती बाई व्हिसा नवा न करताच देश सोडून गेली. तेव्हापासून कागद नाहीत. आता इथल्या सरकारने अशांना माफी दिली होती – नोकरी दाखवा, परमिट घ्या, नाहीतर दंड न भरता घरी जा – आणि मुदत या आठवड्यात संपत होती. लॉन्ड्री तिला घ्यायला तयार होती. तीन वर्षं कुठे काम केलं, एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं.

“एवढंच सांगा वहिनी, बाई कामाची आहे, चोर नाही.”

“सांगेन गं. देवासमोर सांगते, सांगेन.”

यजमान, राजन, देरा भागातल्या ऑफिसला निघताना म्हणाले होते, “आपल्याकडे होती असं बोलू नकोस हं. बिनकागदाची बाई ठेवली म्हणून दंड आपल्याच गळ्यात यायचा.” आणि वरच्या मजल्यावरची शुभ्रा लिफ्टमध्ये हसत, “मनोरमाताई, कागद हातात आले की या बायका महिना दीड हजार दिरहमखाली झाडूला हात लावणार नाहीत. सगळ्या टॉवरचा रेट बिघडवताय तुम्ही, पुण्यवान बाई!”

दीड हजार… म्हणजे चौतीस-पस्तीस हजार रुपये. लॉन्ड्री तेवढे देणार होती, वर खोली. आपण सातशे देतो. गेल्या वर्षी ताजबी चाचरत म्हणाली होती, “आठशे जमतील का?” मी म्हटलं, बघू. आणि तीच लगेच म्हणाली, “राहू दे, राहू दे.” मला वाटलं, किती समाधानी बाई. जाणार कुठे होती ती? दुसऱ्या दारी कागद आधी विचारले असते… हे मला कळत नव्हतं? दिवाळीला पन्नास जास्त दिले आणि संध्याकाळी दिवा लावताना प्रसन्न वाटलं होतं.

मनोरमाने फोटो पालथा ठेवला.

आणि पैशाचं तरी कुठे होतं सगळं! गुरुवारी ताजबी आली की म्हणायची, “आज तुमचं तोंड बंद, आज माझी पाळी,” आणि पोळपाटापासून मोरीपर्यंत बोलत सुटायची – सासू, आंब्याचं झाड, खालच्या वॉचमनची बायको. मनोरमा नुसती मान हलवायची. तिकडे मरीना भागात राहणारी लेक मिहिका रविवारी फोन करते, “आई, आय ॲम ड्रायव्हिंग, लव्ह यू.” राजन आठला येतात, बातम्या लावतात. अकरा वर्षांचं व्रत, पण त्या दिवसाची वाट ती तीनच वर्षं पाहत होती.

फोनवर ताजबीची व्हॉइस नोट आली. मागे रांगेचा गलका, कुणीतरी ‘यल्ला, यल्ला’ ओरडत रांग पुढे ढकलत होतं. “वहिनी, साहेबांचा फोन लागला का? बारापर्यंत थांबतो म्हणालेत, मग दुसरी बाई घेतील. आज गुरुवार… माझ्या ध्यानातच नाही आलं बघा. मौन मोडू नका हां माझ्यासाठी. इन्शाल्ला होईल कायतरी.”

मोडू नका हां.

आताही मॅनेजरचा नंबर परत लावून बोलता आलं असतं. पण फोनवर आपण ‘हो, ओळखीची आहे’ एवढंच पुटपुटू, हे तिला ठाऊक होतं. घर, मजला, तीन वर्षं – ते समोर उभं राहूनच तोंडातून निघेल. राजनना संध्याकाळी सांगू. की नाही सांगणार?

सव्वाअकरा. तिने चपला घातल्या, ओळखपत्र पर्समध्ये टाकलं. लिफ्टमध्ये कुणी नव्हतं. खाली उतरल्यावर वॉचमन म्हणाला, “अम्मा, आज दोपहर में?” तिने सवयीने मान हलवली.

पुढच्या गुरुवारी कुणी येणार नाही. घर असंच गप्प असेल आणि ती शांतता कुठल्या देवाला वाहिलेली नसेल, तिला उद्यापन नसेल… भीती वाटली. पण सकाळपासून टोचत होतं ते हे नव्हतं. या भीतीत लपवण्यासारखं काही नव्हतं.

पार्कच्या कडेने चालताना तिने पहिलं वाक्य मनात जुळवलं. ‘माझ्या घरी’ पासून सुरू करायचं. पुन्हा जुळवलं. ओठ कोरडे पडले होते, आणि लॉन्ड्रीची पाटी अजून बरीच लांब होती.