आमची माणसं

‘लप कुठंही. शोधायला मला घाई नाही.’

दादाचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो इतक्या वर्षांत विरला नाही. ठरलेलं लग्न टाकून ती घरातून निघाली, तेव्हा फोनवर तो एवढंच बोलला होता. आज भर मीटिंगमध्ये तो कानाशी आला आणि तिने, कंपनीच्या वेबसाइटचा मजकूर लिहिणाऱ्या लेखिकेने, हातातलं पेन बंद करून ठेवलं.

समोर सल्लागार कामं वाटून देत होता. शिलाई मशीन विकणारी त्यांच्या कंपनीची वेबसाइट गूगलवर कुणाला सापडत नव्हती, आणि ते कुणा एकाच्या डोक्यावर टाकून चालणार नाही, असं त्याचं म्हणणं. प्रोग्रामरने पानं झटकन उघडतील असं बघायचं. डिझायनरने फोटो हलके करायचे. लेखिकेने मथळे लिहायचे, आणि प्रत्येक फोटोचं वर्णनही.

“‘आमची माणसं’ हे तुमच्या सगळ्यांच्या फोटोंचं पान मात्र गूगलला बंद आहे, शोधलं तरी दिसत नाही,” सल्लागार म्हणाला. “कुणीतरी तशी खूण करून ठेवलीय.”

साहेबांनी प्रोग्रामरला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. तोही बिचारा मान खाली घालून म्हणाला, चुकून झालं असेल, आजच उघडतो.  खूण खरं तर लेखिकेचीच होती. फोटो नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून रुजू झाली तेव्हाच तिने हळूच ती करून ठेवली होती.

दुपारी ती वर्णनं लिहायला बसली. नाव, काम, शहर. डिझायनरचं झालं, प्रोग्रामरचं झालं. मग तिचा स्वतःचा फोटो आला. त्यात ती हसत होती, आणि मागच्या खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी अक्षर न् अक्षर वाचता येत होती. तिने नावाचं पहिलं अक्षर लिहिलं, पुसलं.

“ताई, तुमचंच राहिलंय,” प्रोग्रामरने खुर्ची जवळ ओढली. “स्वतःचं कौतुक लिहायला लाजता की काय? द्या, मी लिहितो.”

“लिही की, चहा मिळाला नाही तर ही माणसं फाडून खाते,” डिझायनर पलीकडून म्हणाली.

तो हसत हसत आधी ते बंद पान गूगलला खुलं करायला लागला. माउसचा बाण खुणेपाशी गेला, तशी तिने त्याचं मनगट धरलं. बोटं इतकी गार होती की त्याचं हसू तिथेच राहिलं.

“ती खूण तुझी नाही, माझी आहे,” ती म्हणाली. “माझा भाऊ मला शोधतोय.”