डावीकडून!

सतरा हंगाम, बास्केटबॉलचे अकरा क्लब. लंबूच्या बायकोला याबद्दल कुणी विचारलं, की ती क्लबांची नावं सांगायची नाही, घरं सांगायची. जिन्याखालचं घर, सदा लिफ्ट बंद असलेलं सातव्या मजल्यावरचं घर, आणि न्हाणीच्या चौकटीवर लंबूचं कपाळ रोज आपटायचं ते घर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला मुलीचे शाळेचे दाखले सांभाळत फिरावं लागत नाही, असं म्हणून ती स्वतःच हसायची.

या वेळी मात्र तिला हसू येत नव्हतं. मुलीची ही सातवी शाळा, आणि हे वर्ष शेवटच्या परीक्षेचं. पोरगी कधी नव्हे ती इथे रमली होती. दोन जिवलग मैत्रिणी होत्या, गणिताच्या बाई जीव लावत होत्या. परीक्षा होईपर्यंत इथून हलायचं नाही, असा लंबूने तिला शब्द दिला होता. आता शब्द देणं त्याच्या हातात होतं, क्लबात राहणं थोडंच होतं? त्याला अडतिसावं लागलेलं, आणि सेंटरची जागा एकच. त्या जागेसाठी दुसरा उमेदवार होता तो बावीस वर्षांचा, हरणासारख्या उड्या मारणारा. कोचने सरळच सांगून टाकलं होतं, की शनिवारी सकाळी आपसात सामना लावतो, दोघांना समोरासमोर खेळवतो आणि तिथल्या तिथे निकाल देतो.

सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा उंच गडी. लोकांना वाटतं, उंच आहे तर घालत असेल चेंडू जाळीत. लंबूच्या नावावर गुण असे फार कधी नव्हतेच. त्याचं काम निराळं होतं. मागे उभं राहिल्यावर सगळं मैदान दिसतं. पुढच्या गड्याची नजर चेंडूवर असते, आणि तेवढ्यात समोरच्यांपैकी एखादा गुपचूप येऊन त्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. नियमात बसतं ते. पण न बघता धडकलात तर दिवसा तारे दिसतात. अशा वेळी तो कुठल्या बाजूने आला ते मागच्याने ओरडून सांगायचं असतं, आणि लंबू सांगायचा. असा सांगणारा की त्याच्या पुढे खेळलेली माणसं दहा-दहा वर्षांनी फोन करायची, दादा, तुझ्यानंतर मागे कुणी तुझ्यासारखं नाही भेटलं म्हणायची. बायको असले फोन ऐकायची आणि वरवर नाक मुरडायची. आतून तिला फार बरं वाटायचं.

शनिवारी मायलेकी सकाळीच बाकावर येऊन बसल्या. पहिल्या अर्ध्यात लंबू लाल बाजूला होता, क्लबच्या कप्तानाच्या मागे. छान खेळला. मग कोचने दोन्ही सेंटरांची अदलाबदल केली. सरावाचे बनियन दोन्ही बाजूंनी घालता येणारे, एकीकडे लाल, एकीकडे पांढरे. लंबूने बनियन काढलं, उलटं केलं, घातलं, झाला पांढरा.

शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा पांढरे एका गुणाने पुढे होते. बायकोने मुलीचा हात घट्ट धरला. कप्तान चेंडूमागे जिवाच्या आकांताने धावत होता, आणि पांढऱ्यांचा एक दांडगा गडी डावीकडून सरकत येऊन त्याच्या वाटेत उभा राहिला. कप्तानाला तो दिसला नव्हता. त्याच्या मागे आता बावीस वर्षांचा होता, आणि तो तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होता.

"डावीकडून!" लंबू ओरडला.

कप्तानाने अंग चोरलं, दांडग्याला वळसा घातला, चेंडू हिसकावला आणि जाळीत टाकला. लाल जिंकले. सगळे पोट धरधरून हसले. कोचने विचारलं, बाबा रे, तू नक्की कुणाच्या बाजूने? लंबूने मान खाली घालून स्वतःचं बनियन पाहिलं, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. आता काय म्हणावं या माणसाला?

कोचने निकाल सांगितला. जागा बावीस वर्षांच्या पोराला.

बायको कपडे बदलायच्या खोलीबाहेर तोफखाना सज्ज ठेवूनच उभी होती. सतरा वर्षं खेळून माणसाला आपल्या अंगावरचा रंग कळू नये? पोरीच्या वर्षाचं काय? पण लंबूच्या आधी कप्तान बाहेर आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"वहिनी, माझ्या बरगड्या दोनदा मोडल्यात. आज तिसऱ्यांदा मोडल्या असत्या. माझ्या बाजूचा गप्प राहिला आणि समोरचा ओरडला."

तो गेला. तिची तोफ थंडावली. तिला नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला म्हणून आणखीच राग आला.

लंबू बाहेर आला तो चोरासारखा. एका लांबच्या शहरातल्या क्लबने त्याला विचारलं होतं, आठवड्यात हजर व्हायचं होतं. ते सांगताना तो भिंतीशीच बोलत होता. बायकोने ऐकून घेतलं. आजवर तिने त्याला एकट्याला कुठेच पाठवलं नव्हतं. बाळंतीण असतानासुद्धा महिन्याची पोर कुशीत घेऊन मागोमाग गेली होती.

"या वेळी तू एकटा जा," ती म्हणाली. "आम्ही परीक्षा झाल्यावर येतो. आणि तिथेही असाच ओरड. कुठल्या का रंगाचा असेना."

लंबूने मान हलवली. मग तो मुलीकडे वळला, आणि शब्द दिला होता, तो पाळता आला नाही, एवढंच म्हणाला.

"बाबा, माझ्यासाठी तू गप्प बसला असतास ना," मुलगी म्हणाली, "तर मला ते कधीच आवडलं नसतं."

अकरा क्लबांत मोठमोठ्या गड्यांच्या धडका उभ्याने सोसलेला तो माणूस मटकन बाकावर बसला. मुलगी जवळ जाऊन उभी राहिली. बसल्यावरच त्याचं डोकं तिच्या खांद्याशी आलं, तिथे ते टेकून तो रडला.