मला शिवा, सुधारू नका

"ही थेरडी अर्धे मासे सोडून देते! फेकून द्या हिला!" म्हणत लाकी कप्तानानं मला लाथ मारली.

"पाय काढ तिच्यावरचा," सरकारी मासेमोजणीवरची उन्नुर कडाडली.

मी मोजणीचं जाळं बोलतेय. आइसलंडच्या या बंदरात मला थेरडी म्हणतात, म्हणून बाईसारखीच बोलते. लाकीच्या आईनं, गुद्फिन्नानं, मला विणलं तेव्हा ती तरणीताठी होती. दर मार्चमध्ये त्याच जागी, त्याच वेगानं मला ओढायचं. माझ्या पोटात येतील ते कॉड मासे उन्नुर मोजते आणि संगणकाला सांगते. तो सगळ्या वर्षांचा मेळ घालून समुद्रात मासे किती उरलेत याचा अंदाज बांधतो. त्यावरून यंदा किती धरायचे ते ठरतं. मी फाटले तर गुद्फिन्ना त्याच दोऱ्यानं, त्याच मापाची भोकं ठेवून सांधते. नवी जाळी मोठी झाली, चलाख झाली. मी झाले नाही. तेच माझं मोल.

आकडा चढला की कप्तान हुशार, उतरला की मी म्हातारी. माणसांची रीतच ही!

त्या साली आकडा पुन्हा उतरला, तर धरायचे मासे घटून लाकीला स्वतःच्या मेहुण्यालाच बोटीवरून उतरवावं लागणार होतं. म्हणून त्यानं मोजणीला माझ्या जागी नवंकोरं जाळं आणून ठेवलेलं.

"अगं, मासे आहेत! रोज बघतो मी. यात दुप्पट येतील."

"आणि संगणकाला वाटेल, मासेच दुप्पट झाले. मग तुम्ही उपसाल. चार वर्षांनी मेहुण्याच्या शेजारी तूही बसशील घरी."

"तुझा पगार चालूच राहील की!"

गुद्फिन्ना कोपऱ्यात माझी फाटकी बाजू मांडीवर घेऊन बसली होती. तिनं दोरा दातानं तोडला आणि एकच वाक्य बोलली.

शेवटी मलाच ओढलं, आणि आकडा उतरलाच. मेहुणा वर्षभर घरी बसला, आणि ते जेवणाच्या टेबलावर कोणी विसरलं नाही. यंदा माझ्या पोटात लहान कॉड बरेच दिसले. पुढचं संगणक सांगेल. मी माळ्यावर पडून असते, मार्चची वाट बघत. मला शिवा, पण सुधारू नका, एवढंच मागणं. लाकी अजून माझ्याकडे बघत नाही, पण ओढतो मलाच. कारण त्या दिवशी आई त्याला म्हणाली होती,

"लाकी, स्वयंपाकघराच्या चौकटीवर तुझ्या उंचीच्या खुणा आहेत ना, त्यात एक वर्ष तू वाढलाच नाहीस, तेव्हा मी तुला स्टुलावर उभं करून खूण नाही केली रे, डॉक्टरकडे नेलं."