कापसाच्या गंजीवरचं तेज

मंगळवारी सकाळी दहालाच घाटंजीबाहेरच्या जुन्या जिनिंगची शेड माणसांनी भरली होती. तिथली सरकी काढायची यंत्रं कधीच बंद पडली, पण व्यापारी अजून कापूस साठवतात. त्या कापसाच्या पुरुषभर उंच गंजीवर पांढरं धोतर नेसून रुईबाबा बसले होते. खाली गावातली माणसं, तांड्यावरची माणसं आणि पार कळंबहून टेम्पो करून आलेल्या बाया. बहुतेकांच्या हातात मोबाईल.

"डोळा मांसाचा, कॅमेरा काचेचा," बाबा सांगत होते. "मांसाले माया दिसते, काचेले सत्य दिसते. माह्या अंगातलं तेज तुमाले दिसत नसन, तर तो डोळ्याचा दोष. फोटो काढा आन् पाहा."

मग शिष्य दारं लोटून घ्यायचा, काठीनं गंजी झोडपून बाबांचं आसन झटकायचा आणि बजावायचा, "फ्लॅश लावा. बिनफ्लॅशचा फोटो महाराजाले चालत नाही."

फ्लॅश उडायचे आणि फोटोत बाबांच्या भोवती पांढरे गोल दिवे उमटायचे. काही लिंबाएवढे, काही नारळाएवढे. माझा शेतशेजारी नानाजी खुशीत होता.

"हरिसिंग, माह्या मोबाईलवर तेरा दिवे आले. तुह्या किती?"

"माहा बटनाचा मोबाईल हाय."

त्याला माझी फार कीव आली.

पण माझं सगळं लक्ष पहिल्या रांगेत होतं. तिथं माझी बायको रुपीबाई पाय पसरून बसली होती. उजव्या पायाच्या करंगळीला जखम होती, तिला साखरेचा आजार होता, आणि तिनं नऊ दिवसांपासून इन्सुलिनची सुई घेतली नव्हती. याला बाबा जितके कारण, तितकाच मीही.

मी वाचायला शिकलो वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तांड्यावरच्या साक्षरता वर्गात. उशिरा शिकलेल्या माणसाला छापील अक्षराचा धाक जास्त. छापलेलं चुकीचंही असू शकतं, हे त्या वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. दहा दिवसांपूर्वी पेपरात फोटो आला. गंजीवर बाबा, भोवती दिवे आणि एक मोठा दिवा नेमका दर्शनाला गेलेल्या रुपीबाईच्या दुखऱ्या पायावर. खाली लिहिलं होतं, 'महाराजांच्या तेजाची कॅमेऱ्यालाही प्रचिती'. मी ते अक्षर अक्षर जुळवून मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. कात्रण कापून फ्रेम करून आणली. सबंध तांड्यात माझ्याएवढा शहाणा कोणी नव्हता.

रुपीबाईनं बाबांना सुईचं विचारलं. बाबा म्हणाले, "तेज पायात शिरलं. आता सुई टोचशीन तर निघून जाईन."

आमच्याकडे फ्रिज नाही. इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूतल्या गाडग्यात असते. ती तिथंच राहिली. चौथ्या दिवसापासून रुपीबाईला प्यायला घागरभर पाणी पुरेना. आठव्या दिवशी पाय सुजून वास येऊ लागला. मी दवाखान्याचं नाव काढलं की ती भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवायची.

"तुमीच त वाचून दाखवलं. पेपरवाले काय खोटं छापतात?"

म्हणून सोमवारी मी तो फोटो काढणाऱ्या पोरीला शोधायला निघालो.

तिचं नाव अपेक्षा. घाटंजीचीच. स्कूटीवर कॅमेऱ्याची पिशवी लटकवून तालुकाभर फिरते. ती बस स्टँडसमोरच्या टपरीवर सापडली. एका हाताला पट्टी, दुसऱ्या हातात चहा.

"हाताले काय झालं?" मी विचारलं.

"रास्ता रोको होता, काका. आंदोलनवाल्यायनं ढकललं, काहून की मी पोलिसायचा फोटो काढून राह्यली असं त्यायले वाटलं. मंग पोलिसायनं ढकललं, काहून की मी आंदोलनवाल्यायचा काढून राह्यली होती. अन् पेपरात आला कोनाचा? उद्घाटनाच्या फितीचा."

मी फ्रेम पुढे केली आणि रुपीबाईचं सगळं सांगितलं. तिचा चहा तसाच राहिला. तिनं कॅमेऱ्यात मूळ फोटो शोधून मोठा केला.

"काका, हे तेज नोहे. हा कापूस हाय. उडते ना, त्याची बारीक रुई. फ्लॅश असते भिंगाच्या शेजारी. रुईचा कण भिंगाच्या अगदी तोंडापाशी आला की फ्लॅशनं लखलखते. इतक्या जवळचं भिंगाले नीट दिसत नाही, म्हणून त्याचा फुगून गोल दिवा होते. मी बारा फोटो पाठवले होते. हा बिघडलेला होता. हापिसात तोच आवडला, अन् खालची ओळ बी तिथंच लिहिली."

"मंग तू बोलली काहून नाही?"

"पहिल्यांदाच पहिल्या पानावर नाव आलं होतं, काका."

मी तिला काय बोलणार? फ्रेम तर माझ्याच काखेत होती.

"आता बोलीन," ती म्हणाली. "पण तोंडानं नाही. तोंडानं बोलली त कॅमेरा फोडतीन. मागं जत्रेत एक भिंग फुटलंच."

तर मंगळवारी ती शेडमध्ये आली. शिष्यानं तिला वाट करून दिली, बाबांनी गंजीवरून आशीर्वाद दिला. आसन झटकलं गेलं, दारं लोटली. अपेक्षानं बाबांचा फोटो काढला आणि कॅमेऱ्यामागचा पडदा लोकांना दाखवला. दिवेच दिवे. जयजयकार झाला.

मग तिनं कॅमेरा बाजूला वळवला. गंजीच्या पायथ्याशी जिनिंगचा काळा कुत्रा बादल झोपला होता. फ्लॅश उडाला. बादलनं एक डोळा उघडून मिटला. पडद्यावर त्याच्या डोक्याभोवती सतरा दिवे होते. नानाजीनं स्वतः मोजले.

"महाराज, बादलले तुमच्याहून चार जास्त हाय," तो भाबडेपणानं म्हणाला.

बाबा डगमगले नाहीत. "तो कुत्रा मागच्या जन्मी तपस्वी होता."

अपेक्षानं चपलांच्या ढिगाचा फोटो काढला. ढीगही उजळला होता. कळंबची एक बाई पडद्यात डोकावून म्हणाली, "हे त माही तुटकी चप्पल. हे कोन होती मागच्या जन्मी?"

लोक हसले, आणि शिष्यानं कॅमेऱ्याचा पट्टा धरून हिसका दिला. पट्टा तुटला. अपेक्षानं कॅमेरा पोटाशी आवळला.

"फोड, भाऊ," ती म्हणाली. "पण मंग महाराजाचं तेज पेपरात कोन छापीन?"

शिष्यानं वर पाहिलं. वरून काही खूण येईना, तेव्हा त्यानं हात सोडला.

एवढ्यात रुपीबाई उठू लागली, तसा मी पुढे गेलो आणि ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. ती लंगडत मागच्या भिंतीपाशी गेली. तिथं ना माणूस, ना मूर्ती.

"पोरी, मले कुत्रं नको दाखवू, चप्पल नको दाखवू. ह्या रिकाम्या भिंतीचा काढ."

"काढते, याडी." याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. पोरीला तेवढा एक शब्द येत होता.

भिंतीवरही दिवे आले. अपेक्षानं छताकडे बोट दाखवलं. पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप आत आली होती आणि तिच्यात रुईचे कण घुटमळत होते. रुपीबाईनं त्यात हात धरला, हलवला, कण गिरक्या घेऊन दूर झाले. मग तिनं गंजीकडे मान केली.

"महाराज, जरा खाली या. बाहीर लिंबाखाली फोटो काढू. झाडाखाली रुई नाही उडत."

"आमी आसन सोडत नाही, माय."

"तेज तुमच्या अंगातलं हाय का कापसातलं?"

बाबांनी डोळे मिटून समाधी लावली. ती बरीच लांबली. बाया चपला शोधू लागल्या.

रुपीबाई माझ्याकडे वळली. "चाला दवाखान्यात. जाता जाता गाडग्यातली बाटली घ्या."

डॉक्टरांनी पाय वाचवला, पण करंगळी काढावी लागली. आठ दिवस आधी आणलं असतं तर तीही राहिली असती, असं ते म्हणाले. ते आठ दिवस मी मोठ्यानं वाचून दाखवलेले होते.

अपेक्षानं खुलासा लिहून दिला आणि तो छापून येईस्तोवर हापिसात रोज फोन केला. बातमी सातव्या पानावर आली, जाहिरातीखाली, बादलच्या फोटोसह. ती मी एकदाच वाचली आणि फ्रेममधलं जुनं कात्रण काढून हे घातलं. रुपीबाई रोज सकाळी त्या फोटोसमोर बसून सुई टोचून घेते. "बादल महाराज की जय," म्हणते आणि माझ्याकडे पाहते. मी खाली पाहतो.

वाचायला शिका, हे मी सगळ्यांना सांगतो. आता त्याला पुढचं जोडतो. वाचलेलं, पाहिलेलं, मोबाईलवर आलेलं लगेच भिंतीवर लावू नका. कोणी तेज दाखवलं तर त्याला उन्हात, झाडाखाली, मोकळ्या हवेत बोलवा. जे खरं असेल ते तिथंही दिसेल. आणि तो यायला तयार होतो की नाही हे बघेपर्यंत, औषध चालू ठेवा.